टीव्हीवरचा नियम आणि रविवारची मॅच

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातला हौशी संघ, बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतले. रविवारी लेदर बॉलवर कधी वीस, कधी चाळीस षटकं, बऱ्याचदा मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर. कॅच झाल्यावर स्ट्राइक (पुढचा बॉल खेळण्याची पाळी) कुणाकडे यावरून एकदा आणि नॉन-स्ट्रायकरला (बोलरच्या टोकाच्या फलंदाजाला) बोलरनेच धावबाद केलं म्हणून एकदा मॅच थांबली. दरवर्षी नियम बदलल्याच्या बातम्या येतात, मग आम्हाला नक्की काय लागू होतं?

दोन्ही भांडणांचा निकाल आधी देतो. कॅच झाला की नवा फलंदाज स्ट्राइकवर येतो. धावताना दोघांनी एकमेकांना ओलांडलं असेल तरीही. त्या बॉलवर षटक संपलं असेल तर तेवढाच अपवाद. आणि नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याआधी ताकीद द्यावी लागत नाही. तो शिष्टाचार होता, नियम कधीच नव्हता.

मी इथल्या क्लब आणि कंपनी स्पर्धांमध्ये पंचगिरी करतो. त्याआधी बरीच वर्षं त्याच मैदानांवर खेळलो. मैदानात वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना नियम माहीत असतो, पण तो दुसऱ्या मॅचचा असतो. क्रिकेटचे मूळ नियम लंडनच्या एमसीसीचे, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबचे. ते ४२ आहेत. आजची संहिता १ ऑक्टोबर २०१७ ला आली, एप्रिल २०१९ आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या, आणि पुढची आवृत्ती १ ऑक्टोबर २०२६ पासूनची. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आयसीसी त्यावर स्वतःच्या अटी घालते, आयपीएल आणि देशी स्पर्धांसाठी बीसीसीआय आपल्या घालते. तुमच्या मॅचला लागू होतात ते एमसीसीचे नियम आणि त्यावर तुमच्या आयोजकाने छापलेलं किंवा ग्रुपवर टाकलेलं पत्रक. बास. फ्री हिट, पॉवरप्ले, डीआरएस (पंचाच्या निर्णयाची टीव्हीवरून फेरतपासणी), दोन षटकांमधलं साठ सेकंदांचं घड्याळ, इम्पॅक्ट प्लेअर (मॅच चालू असताना अकरांतल्या एकाच्या जागी उतरवायचा राखीव खेळाडू), यातलं काहीही मूळ नियमांत नाही. पत्रकात असेल तर आहे, नसेल तर नाही.

आपल्या ऋतुराज गायकवाडने २८ नोव्हेंबर २०२२ ला विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, त्रेचाळीस धावा निघाल्या. सातवा षटकार शक्य झाला तो षटकात एक नो बॉल पडला म्हणून, आणि नो बॉलनंतरचा जादा बॉल मूळ नियमांतही मिळतो. त्यांत नसते ती फ्री हिटची ढाल: तो पुढचा बॉल साधा असता आणि त्यावर बोलरला विकेट मिळू शकली असती. तुमच्या पत्रकात फ्री हिटचा उल्लेख नसेल आणि फलंदाज नो बॉलनंतर डोळे मिटून बॅट फिरवत असेल, तर तो आपल्या जबाबदारीवर फिरवतोय.

आता कॅच आणि स्ट्राइक. २०२२ च्या दुरुस्तीने हे बदललं. पूर्वी बॉल हवेत उंच गेला की दोघं जिवाच्या आकांताने पळायचे, म्हणजे सेट झालेला फलंदाज स्ट्राइकवर यायचा आणि नवा माणूस दुसऱ्या टोकाला निवांत उभा राहायचा. आता त्या पळण्याने स्ट्राइक बदलत नाही. पण म्हणून पळायचं थांबवू नका. आपल्या पातळीवर उंच कॅच सुटतात, चांगल्यापैकी सुटतात, आणि सुटला तर धाव तुमची. दुसरी गफलत मला जास्त दिसते: लोक हाच नियम धावबादलाही लावतात. धावबादमध्ये जो फलंदाज नाबाद राहिला तो ज्या टोकाचा ठरतो तिथेच राहतो, नवा माणूस उरलेल्या टोकाला जातो. मोबाइलवर स्कोअर टाकणाऱ्या पोराला हे आधीच सांगून ठेवा, कारण ॲपने विचारलं की तो काहीतरी दाबून मोकळा होतो आणि पुढच्या षटकात चुकीचा माणूस बॅटिंग करत असतो.

नॉन-स्ट्रायकरचं प्रकरण मोठं आहे. २०१७ आधी बोलरने शेवटचं पाऊल टाकायला घेतलं की ही संधी संपायची. २०१७ मध्ये मर्यादा पुढे सरकली: बोलर एरवी ज्या क्षणी बॉल सोडेल, त्या क्षणापर्यंत नॉन-स्ट्रायकर क्रीजबाहेर असेल तर त्याला बाद करता येतं. २०२२ मध्ये हे कलम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून सरळ धावबादच्या प्रकरणात नेलं. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात अर्थपूर्ण बदल हाच. १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड यांनी बिल ब्राऊनला असं बाद केलं, आणि नियमात बसणाऱ्या गोष्टीसाठी त्यांचं नाव (‘मंकडिंग’) शिवीसारखं वापरलं गेलं. एका भारतीय पंचाला तरी ते आवडायचं कारण नाही. दीप्ती शर्माने २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर चार्ली डीनला बाद केलं तेव्हा पुन्हा तोच गहजब झाला. नियम दीप्तीच्या बाजूने होता.

पण बोलरनेही मर्यादा ओळखावी. ३ जानेवारी २०२३ ला मेलबर्नला अॅडम झाम्पाने हात पूर्ण फिरवून झाल्यावर मागे वळून बेल्स पाडल्या, आणि फलंदाज नाबाद ठरला. त्यानंतर एमसीसीने शब्दरचना आणखी स्पष्ट केली: नेहमीच्या ॲक्शनमध्ये हात सर्वांत वर पोचला की संधी संपली. म्हणजे बॉल टाकतोय असं भासवून फलंदाजाला बाहेर काढायचं आणि मग वळायचं, हे चालत नाही. प्रयत्न फसला तर तो बॉल षटकात धरायचा नाही. अपील करून पश्चात्ताप झाला तर कर्णधाराला ते मागे घेता येतं, मात्र पंचाच्या संमतीने आणि फलंदाजाने मैदान सोडण्याआधी. संघाने एकदा बसून ठरवावं की आपण हे करणार की नाही. मैदानात बोलर अपील करतोय आणि मिड-ऑफचे दादा ‘जाऊ दे रे’ म्हणताहेत, हे दृश्य फार केविलवाणं असतं. नॉन-स्ट्रायकरने काय करायचं? बोलरच्या बाजूच्या हातात बॅट, बॅट क्रीजच्या आत टेकलेली, नजर बोलरच्या मुठीवर, आणि बॉल सुटल्यावर निघायचं. चाळिशीत दीड पावलाची चोरी धाव वाचवत नाही. तुमची धाव पहिल्या पावलात नाही, वळताना जाते.

ज्या दोन बदलांनी आपल्याकडच्या बोलरना खरा त्रास झाला त्यांच्याबद्दल कुणी ओरडत नाही, कारण ते टीव्हीवर दिसतच नाहीत. पहिला: फलंदाजाच्या पॉपिंग क्रीजपर्यंत (यष्टींसमोरच्या पांढऱ्या रेषेपर्यंत) बॉल एकापेक्षा जास्त टप्पे पडला तर नो बॉल. २०१७ पूर्वी दोन टप्पे चालायचे. मॅट नीट ताणलेली नसली, खिळा सैल झालेला असला, की आखूड पडलेला स्पिनरचा बॉल दोन टप्प्यांत सरपटत येतो. पूर्वी त्यावर विकेट मिळायच्या, आणि ज्याचा त्रिफळा उडायचा तो हात वर करून परत जायचा. आता तो नो बॉल. खांद्याने साथ सोडलेल्या संथ बोलरनी हे डोक्यात ठेवून थोडा पुढे टाकायला शिकलेलं बरं.

दुसरा मॅटचाच, आणि हा बऱ्याच पंचांनाही ठाऊक नसतो. फलंदाजाच्या यष्टींच्या रेषेपर्यंत पोचण्याआधी बॉल खेळपट्टीच्या बाहेर, अर्धवट जरी पडला, तरी नो बॉल. टर्फवर खेळपट्टी दहा फूट रुंद, त्यामुळे प्रश्न क्वचित येतो. पण कृत्रिम पृष्ठभाग असेल तर नियम सांगतो की त्या पृष्ठभागाबाहेर पडलेला बॉल खेळपट्टीबाहेर पडला असं मानायचं, आणि अशी पट्टी किमान सहा फुटांची असली तरी चालते. म्हणजे मधल्या दांडीपासून तीन फुटांवर मॅटची कड. शहराबाहेरच्या भाड्याच्या मैदानांवर त्या कडेवर पडलेला बॉल कधी मातीतून खाली राहतो, कधी कड लागून उसळी घेऊन तोंडावर येतो. पंच त्याला वाइड देतो, बोलर हुज्जत घालतो की फलंदाजाने बॅट लावली असती. बॅट लावो न लावो, तो नो बॉल आहे. सकाळी पोचल्यावर कर्णधाराने मॅटच्या कडा आणि खिळे स्वतः पाहावेत. नाणेफेकीपेक्षा ते जास्त उपयोगाचं.

कमरेवरच्या फुलटॉसचं (टप्पा न पडता आलेल्या बॉलचं) उलट झालं. २०१७ च्या संहितेत कमरेवरून गेलेला कुठलाही फुलटॉस धोकादायक धरायचा होता: पहिल्याला ताकीद, दुसऱ्याला बोलर डावभर बाहेर. घामाने हात निसटणाऱ्या हौशी बोलरला हे फार जड होतं. २०१९ मध्ये सुधारणा झाली. नो बॉल तर द्यायचाच, पण तो धोकादायक होता की नाही हे पंचाने ठरवायचं. वेगवान बोलरचा छातीवर आलेला बीमर आणि स्पिनरचा हातातून सुटलेला लोंबता बॉल आता एका मापाने मोजले जात नाहीत. तरी आपल्याकडची कितीतरी पत्रकं जुन्या पत्रकावरून नकलून काढलेली असतात आणि ‘दोन बीमर, बोलर बंद’ असं ठोकून देतात. तसं लिहिलेलं असेल तर मला ते पाळावं लागतं. आणि उंची मोजायची ती फलंदाज पॉपिंग क्रीजवर सरळ उभा आहे असं धरून. तो दोन पावलं पुढे येऊन, वाकून, बॉल छातीवर घेत असेल तर नो बॉल मागू नये.

हातात बॉल नसताना थ्रोची ॲक्शन करायची आणि पळणाऱ्याला थांबवायचं, ही आपली वाड्यातली जुनी कला. २०१७ पासून ती पाच धावांची आहे. मुद्दाम फसवलं असं पंचाला वाटलं तर फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच दंडाच्या धावा, पूर्ण झालेल्या धावा अधिक चालू असलेली धाव, तो बॉल षटकात धरायचा नाही, आणि पुढचा बॉल कुणी खेळायचा ते फलंदाज ठरवणार. एक धाव वाचवायला गेलेला माणूस ती तर देतोच, वर पाच देऊन बसतो.

वर्तनाचा नियम हा २०१७ चा सगळ्यात मोठा बदल, आणि तो खास आपल्यासाठी आहे असं मी समजतो. आंतरराष्ट्रीय खेळाडूंना मॅच संपल्यावर दंड आणि गुण लावणारी वेगळी यंत्रणा आहे. क्लबच्या खेळाडूच्या मानधनातून काय कापणार? त्याने स्वतः वर्गणी भरलेली असते. म्हणून शिक्षा मैदानातच. चार पायऱ्या आहेत. उगाच अपीलचा गलका, निर्णयावर उघड नाराजी: आधी ताकीद, मग पाच धावा. त्यावरच्या पायरीला सरळ पाच धावा. शब्दांनी किंवा हावभावांनी पंचावर दबाव आणला तर पाच धावा आणि खेळाडू काही काळ बाहेर. मर्यादित षटकांच्या मॅचमध्ये डावाच्या षटकांचा पाचवा भाग, म्हणजे चाळीसच्या मॅचमध्ये आठ षटकं. हात उचलला किंवा पंचाला मारण्याची धमकी दिली तर उरलेल्या मॅचमधून बाहेर. कर्णधाराने खेळाडूला बाहेर काढायला नकार दिला तर मॅच समोरच्यांना जाऊ शकते. खेळायलाच नकार दिला तरी तेच. संघाने मॅच सोडून जाण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच पूना क्लबच्या मैदानावरचं आहे: १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी, आणि काठियावाडने पुढे खेळायला नकार दिला. वाद पंचाशी नव्हता, त्यामुळे आपल्याकडच्या सोडून जाण्यापेक्षा ते पुष्कळ सभ्य प्रकरण म्हणायचं.

वेळेवर न येणारा फलंदाज. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला, तेव्हापासून स्टॉपवॉच काढून उभे राहणारे हौशी कर्णधार वाढलेत. त्या स्पर्धेत मर्यादा दोन मिनिटांची होती. मूळ नियमांत तीन आहे, आणि कुणी अपील केलं तरच प्रश्न येतो. पुढचा फलंदाज पॅड बांधून सावलीत बसलेला असेल तर तीन मिनिटं भरपूर होतात. गाडीत एसी लावून बसला असेल तर नाही.

थुंकीबद्दल: २०२२ पासून मूळ नियमांत बॉलला थुंकी लावायला कायमची बंदी आहे, घाम चालतो. आयपीएलने २०२५ मध्ये स्वतःच्या स्पर्धेपुरती ती बंदी उठवली. शनिवारी रात्री टीव्हीवर पाहिलेलं रविवारी सकाळी केलं तर पंच तुम्हाला अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

सीमारेषेवर हवेत उडून बॉल आत ढकलण्याच्या कसरतींवर आयसीसीने जून २०२५ पासून लगाम घातला. एमसीसीच्या नियमांत तो १ ऑक्टोबर २०२६ पासून. रेषेबाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाने हवेत असताना बॉलला एकदाच हात लावायचा, नंतर आतच उतरायचं. आपल्याकडे फार फरक पडत नाही. आपल्या सीमेवर चुन्याची रेषा अर्धी पुसलेली असते, किंवा लांब लांब झेंडे असतात आणि मधली रेषा कल्पनेत. त्यापेक्षा २०२२ चा एक छोटा बदल रोजच्या कामाचा आहे: कुत्रं, शेजारच्या मॅचमधला बॉल किंवा मैदान ओलांडणारा माणूस यांच्यामुळे कुठल्याही संघाचं नुकसान होत असेल तर पंचाने डेड बॉल द्यायचा. एकाच मैदानात तीन मॅचेस चालतात तिथे हा नियम दर रविवारी लागतो.

इम्पॅक्ट प्लेअर पत्रकात घ्यावा का, असं कर्णधार विचारतात. बारावा माणूसही वर्गणी भरतो, त्याला बॅटिंग मिळाली तर तो पुढच्या रविवारी येतो, हे मला पटतं. पण सहाव्या क्रमांकावर येऊन पंधरा धावा करणारा आणि चार षटकं टाकणारा जो माणूस हौशी संघ चालवतो, त्याचीच जागा यात जाते. मी असतो तर बारा जणांची मॅच ठरवली असती. नियमांत त्याला आडकाठी नाही, दोन्ही कर्णधार सहमत असले की पुरे. डोक्याला बॉल लागला तर बदली खेळाडूला बॅटिंग-बोलिंग मिळेल का, हेही आधीच ठरवा. मूळ नियमांप्रमाणे बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करतो (२०१७ पासून पंचाच्या संमतीने यष्टिरक्षणही), पण समोरच्या कर्णधाराने मान्यता दिली तर अकरांतला खेळाडूच बदलता येतो. ही मान्यता नाणेफेकीच्या वेळी मागितली तर सगळे देतात. आठ गडी गेल्यावर कुणी देत नाही.

बॅटच्या मापांची काळजी सोडा. कड चाळीस मिलिमीटरच्या आत आणि जाडी सदुसष्टच्या आत, हे २०१७ पासून आहे, आणि चांगल्या दुकानातली बॅट त्यात बसते. इंग्लिश विलोच्या किमती पाहता १ ऑक्टोबर २०२६ पासूनची एक तरतूद मात्र लक्षात ठेवा: लाकडाचे तुकडे जोडून बनवलेल्या, आतापर्यंत लहान मुलांपुरत्या असलेल्या बॅटी मोठ्यांच्या हौशी क्रिकेटमध्येही चालतील.

आणि रनर, म्हणजे जखमी फलंदाजासाठी धावणारा साथीदार. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०११ मध्ये गेला, म्हणून तो सगळीकडूनच गेला असं लोक धरून चालतात. मूळ नियमांत तो अजून आहे. अट अशी की दुखापत त्याच मॅचमध्ये झालेली हवी, घरून आणलेला गुडघा चालत नाही. रनरने शक्यतो आधी बॅटिंग केलेली असावी, फलंदाजासारखेच पॅड-ग्लोव्हज घालावेत, हातात बॅट असावी. आणि जखमी फलंदाजाने एक ध्यानात ठेवावं: फटका मारल्यावर सवयीने स्वतःच पळत सुटला आणि यष्टिरक्षकाच्या टोकाच्या बेल्स पडल्या, तर रनर कुठेही पोचलेला असो, तो बाद.